सांगोला विधानसभा मतदारसंघ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणुका जवळ आल्या की सांगोल्याबद्दल तेच ते प्रश्न फिरून येतात. अर्ध्याअधिक प्रश्नांत आधीच एखादी चूक दडलेली असते: ‘सलग’, ‘देशात पहिले’, ‘अभेद्य बालेकिल्ला’. म्हणून एकदाच बसून सगळी उत्तरं लिहून काढली.

सांगोला मतदारसंघ नेमका कुठे येतो?

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला. यादीतला क्रमांक २५३. संपूर्ण सांगोला तालुका आणि शेजारच्या पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी मंडळ मिळून हा मतदारसंघ होतो. महूद, जवळा, नाझरे, कोळा, घेरडी, हातीद ही त्यातली मोठी गावं. माण नदी याच तालुक्यातून पुढे पंढरपूरकडे जाते. नदी म्हणायचं ते नकाशावरून. वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रातून माणूस पायताण न भिजवता पलीकडे जातो.

जागा राखीव आहे का?

नाही, खुली आहे.

आबासाहेब, बापू, आबा, बाबासाहेब… हे कोण कोण? बाहेरच्या माणसाचा गोंधळ होतो.

होणारच. सांगोल्यात कुणी कुणाचं पूर्ण नाव घेत नाही. आबासाहेब म्हणजे गणपतराव देशमुख, सांगोल्यातून ११ वेळा आमदार झालेले. शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) रिवाजाप्रमाणे ‘भाई’ गणपतराव. बापू म्हणजे शहाजीबापू पाटील. दीपकआबा म्हणजे दीपक साळुंखे-पाटील. आणि बाबासाहेब म्हणजे डॉ. बाबासाहेब देशमुख, गणपतरावांचे नातू आणि २०२४ पासूनचे आमदार. गणपतरावांचे आणखी एक नातू, डॉ. अनिकेत देशमुख, २०१९ च्या लढतीत होते. एवढी पाच नावं पक्की लक्षात ठेवलीत की गेल्या तीस वर्षांचं राजकारण कळतं.

गणपतराव ११ वेळा निवडून आले ते कोणकोणत्या वर्षी?

१९६२, १९६७, १९७४ (पोटनिवडणूक), १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. प्रत्येक वेळी सांगोल्यातूनच, आणि प्रत्येक वेळी शेकापकडूनच. मला दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त थक्क करते. या काळात काँग्रेस किती वेळा फुटली आणि किती वेळा जुळली ते मोजायला बसलात तर बोटं पुरणार नाहीत. पक्षाच्या फुटीमुळे ज्यांच्या घड्याळाचे काटे बदलले नाहीत अशी माणसं थोडी, आणि त्यातला एक सांगोल्याच्या रस्त्यावर एसटीची वाट बघत उभा असायचा.

मग ते सलग ५५ वर्षं आमदार होते, असं जे छापून येतं ते?

चूक आहे. पहिली निवड १९६२ ची आणि २०१९ ला त्यांनी स्वतःहून निवडणूक लढवली नाही. हा सगळा पल्ला ५७ वर्षांचा होतो खरा, पण मधे दोन खंड पडले: १९७२ ते १९७४ आणि १९९५ ते १९९९. ते वजा केले की साधारण ५१ वर्षं उरतात. तेवढीही थोडी नाहीत. ‘सलग’ हा शब्द चिकटवून त्यांचं काही वाढत नाही, उलट दोन पराभव पुसले जातात, आणि सांगोला समजून घ्यायचा तर ते दोन पराभव फार मोलाचे आहेत.

त्यांना हरवलं कुणी?

१९७२ साली काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांनी. ती जागा मधेच रिकामी झाली, १९७४ ला पोटनिवडणूक लागली आणि गणपतराव परत आले.

१९९५ साली काँग्रेसच्याच शहाजीबापू पाटलांनी. मताधिक्य होतं १९२. युतीची लाट आलेली, राज्यात काँग्रेसची सत्ता गेली, मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. आणि त्याच निवडणुकीत सांगोल्यात काँग्रेसचा तरुण उमेदवार शेकापच्या जुन्या आमदाराला पाडून मुंबईला गेला. राज्याचा वारा एकीकडे आणि सांगोल्याचा दुसरीकडे, हे इथे नवीन नाही.

१९२ मतं म्हणजे प्रत्यक्षात किती?

हा प्रश्न मला आवडतो. १९२ च्या फरकाचा अर्थ असा की ९७ जणांनी शिक्का दुसऱ्या चिन्हावर मारला असता तर निकाल फिरला असता. ९७ माणसं म्हणजे एका वाडीवरची एक भावकी. एका लग्नाचं वऱ्हाड म्हणा हवं तर. तेव्हा मतपत्रिका होत्या. गठ्ठे सोडायचे, घडी उलगडायची, शिक्का रेघेवर पडला असेल तर दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी त्या एका कागदावर वाकून वाद घालायचे. असल्या मोजणीत १९२ हा आकडा किती नाजूक असतो, ते मतमोजणीच्या टेबलापाशी बसलेल्या कुणालाही विचारा.

इतक्या वेळा निवडून येणारे ते देशातले एकमेव का?

नाही, आणि हे मान्य करायला आपल्या माणसांना जड जातं. महाराष्ट्र विधानसभेपुरता हा विक्रम आहे, याबद्दल वाद नाही. वडाळ्याचे कालिदास कोळंबकर २०२४ ला नवव्यांदा निवडून आले, म्हणजे अजून दोन पावलं मागे आहेत. देशात मात्र गणपतरावांच्या पुढे माणसं आहेत. तमिळनाडूचे एम. करुणानिधी १३ वेळा निवडून आले आणि एकदाही हरले नाहीत. पण त्यांनी मतदारसंघ बदलले. ‘एकाच मतदारसंघातून’ अशी अट घातली तर केरळचे के. एम. मणी येतात: पाला या एकाच जागेवरून १९६५ ते २०१६ दरम्यान १३ वेळा. त्यातली १९६५ ची विधानसभा कधी भरलीच नाही, ती सोडली तरी १२ उरतात. केरळचेच ओमन चांडी पुथुपल्लीतून १२ वेळा आले.

तेव्हा ‘महाराष्ट्रात सर्वाधिक’ म्हणावं. ते पुरेसं मोठं आहे.

शेकाप म्हणजे नक्की कोणता पक्ष? आणि तो सांगोल्यात कसा टिकला?

शेतकरी कामगार पक्ष. १९४७-४८ च्या सुमारास केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली आणि हा पक्ष उभा राहिला. १९५० साली नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीला पक्षाने आपली मार्क्सवादी भूमिका ठरवली. झेंडा लाल. एके काळी विधानसभेत काँग्रेससमोरचा दमदार विरोधी पक्ष हाच होता. पुढे त्याची बेटं उरली: रायगडात अलिबाग-पेण-पनवेल, नांदेडकडे केशवराव धोंडग्यांचं कंधार, आणि इकडे सांगोला.

सांगोल्यात तो का टिकला, याचं सोपं उत्तर ‘आबासाहेबांमुळे’. खरं असलं तरी अपुरं. साखर कारखानदारीच्या जोरावर उभं राहणारं काँग्रेसचं राजकारण इथे तितकं रुजलं नाही, कारण उसाला पाणीच नव्हतं. अकलूज, माळशिरस, पंढरपूर या पट्ट्यात कारखाना म्हणजे नोकरी, उचल, ट्रॅक्टर आणि मत, अशी साखळी असते. सांगोल्यात ती साखळी जोडायला लागणारा ऊसच कमी. जिरायत रान, मेंढरं, चारा छावणी, रोजगार हमीवरचं काम, अशा तालुक्यात ‘शेतकरी’ आणि ‘कामगार’ हे दोन्ही शब्द एकाच घरात लागू पडायचे. धनगर समाज मोठ्या संख्येने आहे आणि गणपतराव त्याच समाजातले, हेही खरं. पण केवळ त्या बेरजेवर ११ वेळा कुणी निवडून येत नाही. मराठा, माळी, दलित वस्त्यांतही त्यांची पक्की मतं होती. नाहीतर १९६७ लाच गणित संपलं असतं.

शिवाय त्यांनी संस्था उभ्या केल्या. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात शेतकरी सहकारी सूतगिरणी काढली आणि ती चालवून दाखवली. महाराष्ट्रातल्या किती सहकारी गिरण्या गंजल्या ते पाहिलं की ही गोष्ट साधी राहत नाही.

एसटीने फिरणारे आमदार, ही दंतकथा की खरं?

खरं. जुन्या लाल एसटीत पुढच्या बाजूला एका बाकाच्या वर पांढऱ्या रंगात आमदारांसाठी राखीव असं लिहिलेलं असायचं. बहुतेक प्रवाशांनी त्या जागेवर आमदार कधी पाहिलेला नसतो. तिथे कुणाची तरी पिशवी असते. सांगोल्याकडच्या लोकांनी पाहिला आहे. अर्थात साधेपणाच्या गोष्टी सांगताना लोक फार हळवे होतात आणि कामाचं बोलायचं राहून जातं, म्हणून पुढे जाऊ.

ते मंत्री झाले होते का?

दोनदा. १९७८ साली शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ साली विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात. दुसऱ्या वेळी पणन आणि रोजगार हमी ही खाती होती. बाकी आयुष्य विरोधी बाकांवर गेलं. काही काळ ते विरोधी पक्षनेतेही होते. (विलासराव आणि गणपतराव यांचं नातं विचारणारे पुष्कळ भेटतात. आडनाव एक, बाकी काही नाही.)

सांगोल्याच्या निवडणुकीत पाण्याचा मुद्दा खरोखर चालतो, की भाषणापुरता?

चालतो. हा माणदेश, माण नदीकाठचा दुष्काळी पट्टा. शेजारच्या आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडी यांनी १९९३ पासून पाणी परिषद भरवायला सुरुवात केली, तेरा दुष्काळी तालुक्यांसाठी. कृष्णेचं पाणी उचलून या भागाला द्या, ही मागणी. गणपतराव त्या परिषदेचे शेवटपर्यंत बिनीचे माणूस होते. टेंभू आणि म्हैसाळ या योजनांची नावं इथल्या पोरांना पाढ्यांसारखी पाठ. टेंभू हे कराड तालुक्यातलं गाव; तिथून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने पंपाने वर चढवत इकडे आणायचं, म्हणजे विजेचं बिल कुणी भरायचं हा प्रश्न पाण्याच्या आधी दारात येतो. त्यामुळे सभेत विचारलं जातं ते असं: ‘आवर्तन कधी? शेवटच्या गावाला पोचणार का? की मधल्यांनीच दारं उघडायची?’

दुसरीकडे याच कोरड्या रानात डाळिंब आलं. ठिबकवर बाग, प्रतवारी, क्रेट, आणि माल थेट परराज्यात. डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला सुटली, पंतप्रधानांनी दूरदृश्य पद्धतीने झेंडा दाखवला. पुढे तेल्या रोग आणि खोडकिडीने बागा बसवल्या. मतदार बदलला तो इथे. रोजगार हमीवर खडी फोडलेल्या बापाचा मुलगा आज औषधाच्या दुकानात उधारी किती झाली ते विचारतो; त्याला मोर्चाचं निमंत्रण दिलं तर तो आधी फवारणीची वेळ बघतो.

२०१९ ला नेमकं काय झालं?

गणपतरावांनी वयामुळे थांबायचं ठरवलं. शेकापने आधी दुसऱ्याच एका नावाची घोषणा केली. कार्यकर्ते अडून बसले आणि अखेर नातू डॉ. अनिकेत यांना उभं केलं. समोर शिवसेनेकडून शहाजीबापू. राष्ट्रवादी तेव्हा शेकापच्या सोबत होती, पण सांगोल्यातले राष्ट्रवादीचे दीपकआबा बापूंच्या पाठीशी उभे राहिले.

२४ ऑक्टोबरला मोजणी. शहाजीबापू ९९,४६४, अनिकेत देशमुख ९८,६९६. फरक ७६८. त्या दिवशी सांगोलेकर जिथे कुठे होते तिथे मोबाईलला चिकटून होते. पुण्यातल्या आमच्या ओळखीच्या एका खानावळीत दोघं सांगोल्याचे समोरासमोर बसलेले, एक या बाजूचा, एक त्या बाजूचा. एकेका फेरीगणिक एकाची भाकरी थांबायची, दुसऱ्याची चालू व्हायची. शेवटच्या फेरीला दोघांचीही ताटं तशीच.

वरचंच गणित लावा: ३८५ जणांनी मत बदललं असतं तर निकाल उलटा होता. चोवीस वर्षांनी बापू परत आमदार झाले, पुन्हा शेकापलाच हरवून, आणि पुन्हा काठावर.

‘काय झाडी, काय डोंगार’ वाले आमदार हेच ना?

हेच. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्यासोबत गुवाहाटीला गेलेल्या आमदारांत ते होते. गावाकडच्या कार्यकर्त्याशी फोनवर बोलताना त्यांनी तिथली झाडी, डोंगर आणि हॉटेल यांचं केलेलं वर्णन बाहेर आलं आणि महाराष्ट्रभर झालं. राज्याने ते विनोद म्हणून ऐकलं. सांगोल्याच्या माणसाला त्यात आणखी एक गोष्ट ऐकू येते: ज्याचा जन्म बाभळी आणि कुसळांत गेला त्याला ब्रह्मपुत्रेकाठची हिरवाई बघून आधी झाडीच दिसणार. राजकारण काय करायचं ते केलंच त्यांनी, पण ते वाक्य मनापासूनचं होतं असं माझं मत आहे.

त्याने मतं वाढली का? प्रसिद्धी वाढली. मतांचं पुढच्या उत्तरात.

२०२४ ला काय झालं?

तिरंगी लढत. शिवसेनेकडून (शिंदे) शहाजीबापू, शिवसेनेकडून (ठाकरे) दीपकआबा, आणि शेकापकडून डॉ. बाबासाहेब देशमुख. शेकाप महाविकास आघाडीतलाच पक्ष. तरी ठाकरे गटाने सांगोला सोडला नाही आणि आघाडीतले दोन उमेदवार एकमेकांसमोर उभे राहिले. २३ नोव्हेंबरला बाबासाहेब २५,३८६ मतांनी निवडून आले. बापू दुसरे, दीपकआबा पन्नास हजारांच्या आसपास मतं घेऊन तिसरे.

राज्यभर महायुतीची लाट असताना हा निकाल. शेकापची संपूर्ण विधानसभेत आलेली ही एकमेव जागा.

आता शेकापच्या मित्रांना न आवडणारी बेरीज. बापू आणि दीपकआबा यांची मतं एकत्र केली तर ती बाबासाहेबांच्या मतांपेक्षा बरीच जास्त भरतात. २०१९ ला हे दोघं एका बाजूला होते तेव्हा शेकाप ७६८ ने पडला. २०२४ ला वेगळे झाले तेव्हा शेकाप २५ हजारांनी आला. सगळीच मतं अशी सरळ जोडता येत नाहीत हे मला कळतं. दीपकआबांनी घेतलेल्या मतांत आघाडीची म्हणून पडलेलीही असतील, ती बापूंकडे गेली नसती. आबासाहेब जुलै २०२१ मध्ये गेले, त्या आठवणीचा ओलावा होताच, आणि बाबासाहेबांनी पाच वर्षं गावोगाव पाय झिजवले तेही होतं. तरीसुद्धा सांगोल्यात तीन गट आहेत आणि दोन एकत्र आले की तिसऱ्याला घाम फुटतो, एवढं या दोन निकालांवरून दिसतं.

मग सांगोल्याला शेकापचा बालेकिल्ला म्हणायचं की नाही?

मी म्हणत नाही. बालेकिल्ला म्हटलं की डोळ्यांसमोर एकतर्फी मतदान येतं. इथे १९७२ ला पराभव, १९९५ ला १९२ ने पराभव, २०१९ ला ७६८ ने पराभव. २०१४ चा विजयही २५ हजारांच्या थोडा वरचा होता, आणि तेव्हाही समोर शहाजीबापूच होते, जवळजवळ ७० हजार मतं घेऊन. म्हणजे आबासाहेबांच्या अगदी शेवटच्या निवडणुकीतसुद्धा तालुक्यात त्यांच्या विरोधात मत देणारा माणूस शेजारच्या घरात राहत होता. एवढा विरोध कायम जिवंत असताना ११ वेळा निवडून येणं अवघड असतं. बालेकिल्ल्यात बसून कुणीही जिंकेल. हे मैदानातलं आहे.

लोकसभेला सांगोला कोणत्या मतदारसंघात?

२००९ पासून माढा. त्याआधी पंढरपूर, जी राखीव जागा होती. माढ्यातून २००९ ला शरद पवार, २०१४ ला विजयसिंह मोहिते-पाटील, २०१९ ला भाजपचे रणजितसिंह नाईक-निंबाळकर आणि २०२४ ला धैर्यशील मोहिते-पाटील निवडून आले. लोकसभेचा कल पाहून सांगोल्याच्या विधानसभेचा अंदाज बांधू नका. इथे लोक दोन निवडणुकांना दोन वेगळे चष्मे लावतात.

मी निवडणूक आयोगाचे अहवाल उघडून मोजलं तर गणपतरावांचे विजय १० च भरतात. ११ वा कुठे गेला?

तुम्ही सार्वत्रिक निवडणुकांचे अहवाल पाहिलेत. त्यात पोटनिवडणुका नसतात. १९७२ च्या अहवालात सांगोल्यासमोर काकासाहेब साळुंखे-पाटलांचं नाव आहे आणि १९७८ च्या अहवालात गणपतरावांचं; मधली १९७४ ची पोटनिवडणूक दोन्हीकडे दिसत नाही. ती धरा, ११ होतील.